किल्लीबाई उभी राहते

माझ्या बायकोला सगळा वॉर्ड किल्लीबाई म्हणतो आणि मला किल्लीबाईंचे मिस्टर. मी अठ्ठावीस वर्षं पोस्टमन आहे. दोन हजार घरांचे पत्ते मला तोंडपाठ आहेत. कोणाचं कोणाशी वाजलंय हे मी नुसत्या पाकिटावरून सांगतो. तरी लोकांच्या लेखी मी मिस्टरच. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण आज विषय तिचा आहे.

तिचं दुकान चार फूट रुंद. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने रस्त्यावर उभं राहून बोलायचं. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तेव्हापासून किल्लीचे दात कानशीने तीच घासायची आणि वडील बोटाने चाचपून "अजून एक हात मार" म्हणायचे. आता वडील नाहीत, दुकान तिचं आहे. मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आहेत आणि एकेका खिळ्यावर कुणाच्या तरी घराची जादा किल्ली लटकते. कुणी किल्ली हरवतं, कुणी ती आत विसरून दार ओढून घेतं, म्हणून लोक आपणहून एक किल्ली तिच्याकडे ठेवतात. दोनशे चौदा किल्ल्या, आणि एकीवरही नाव नाही. कोणती कुणाची ते ती दातांवरून ओळखते. चोर आलाच तर त्या बिचाऱ्याला दोनशे चौदा किल्ल्या घेऊन दोन हजार दारं पालथी घालावी लागतील. एवढे कष्ट उपसायचे असते तर तो चोर कशाला झाला असता?

बंद दार उघडून द्यायचं तर तिचा एक नियम आहे. दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला ती आधी विचारते, "दार उघडल्यावर समोर काय दिसेल? तीन गोष्टी सांगा." मग दार उघडते, डोकावते, आणि तिन्ही जुळल्या तरच बाजूला होते. एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं, समोर सोफा, डावीकडे कपाट, कपाटावर पंखा. दार उघडलं तर समोर जेवणाचं टेबल. त्यांच्या बायकोने सकाळीच सामान हलवलं होतं. किल्लीबाईंनी दार पुन्हा बंद केलं. "अहो, माझंच घर आहे!" ते ओरडले. "असेल, पण तुमची ओळख पटत नाहीये," ती म्हणाली. बायको बाजारातून येईपर्यंत ते दोन तास जिन्यात बसून होते.

आमचं लग्नही याच नियमाने जुळलं. पोस्टात लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि पत्रपेटीची किल्ली मी गटारात पाडली. साहेबांना कळायच्या आत तिला बोलावून आणलं. ती म्हणाली, "आत काय आहे? तीन गोष्टी." मी म्हटलं, "पत्रं." ती म्हणाली, "ते शेंबडं पोरही सांगेल. पुढे?" मी म्हटलं, "एक पिवळा लिफाफा आहे, त्याला तिकीट उलटं लावलंय." "तिसरी?" मी म्हटलं, "तिसरी... तुमच्या नावाचं एक पाकीट आहे. अक्षर माझं आहे." तिने पेटी उघडली, पिवळा लिफाफा पाहिला, आपलं पाकीट काढून खिशात टाकलं आणि म्हणाली, "जुळलं."

लग्नाआधी तिने एकच गोष्ट बजावली. "मी देव मानत नाही. आत्ताच सांगते, मागाहून कटकट नको." मी पडलो प्रार्थनाघरात तिसऱ्या रांगेत उभा राहून जाड्याभरड्या आवाजात गाणारा माणूस. मला वाटलं, सर्दी असेल, जाईल. पंचवीस वर्षं झाली, गेली नाही. ती मला प्रार्थनेला वेळेवर उठवते, शर्टाला इस्त्री करून देते, आणि मी परत येईपर्यंत निवांत कानशी साफ करत बसते. लोकांना वाटतं हिच्यावर काहीतरी मोठा आघात झाला असणार, एखादं मूल गेलं असेल, एखादी प्रार्थना फुकट गेली असेल. तसं काही नाही. तिला विचारलं तर म्हणते, "कुणी पटवलंच नाही." लोकांना हे उत्तर आवडत नाही. आघात असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

आता निवडणुकीचं. बाजारातला बायकांचा संडास तीन वर्षं बंद होता. दुरुस्तीच्या नावाखाली नगरपालिकेने त्याला टाळं ठोकलं आणि विसरून गेली. अगदीच विसरली असं कसं म्हणू? पालिकेचा माणूस दरवर्षी किल्लीबाईंना बोलावून त्या टाळ्यात तेल घालून घ्यायचा, गंजू नये म्हणून. तिसऱ्या वर्षी तिने तेलाची बुधली खाली ठेवली. भाजीवाल्या बायका टोपल्यांमागून बघत होत्या.

"उघडून देऊ का?" तिने विचारलं.

"छे छे, हुकूम नाही. नुसतं तेल."

"हुकूम कोण देतं?"

"नगरसेवकाने लावून धरलं पाहिजे."

"बरं," ती म्हणाली, तेल न घालताच घरी आली आणि मला म्हणाली, "अहो, मी निवडणूक लढवतेय." मी तोंडातला चहा गिळायचा विसरलो.

समोर उमेदवार कोण, तर फरशीवाले. त्यांच्या दुकानातली फरशी इतकी गुळगुळीत की अर्धा वॉर्ड तिच्यावर एकदा तरी आपटलाय. पण माणूस बोलायला गोड, आणि "देवाच्या कृपेने" म्हटल्याशिवाय साधी वेळही सांगत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत हवा आमची होती. कुणाच्याही दारात गेलो की "किल्लीबाई का? मग प्रश्नच नाही!" मी तर मनातल्या मनात तिच्या सत्काराला कोणता शर्ट घालायचा ते ठरवून टाकलं.

मग शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. शेवटी एका काकांनी उठून अगदी प्रेमाने विचारलं, "बाई, एक आपलं सहज. तुम्ही देव मानता ना?"

"नाही," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न आलाच नाही. तीनशे माणसं एकमेकांकडे बघू लागली, नुसता पंखा कुरकुरत होता. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो आणि सभा संपेपर्यंत बांधतच राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून दुकानासमोर रांग. जो तो आपली किल्ली परत न्यायला आलेला, आणि जो तो सबब सांगणारा. "पाहुणे येणारेत." "सासूबाईंना हवीय एक." एकजण तर म्हणाला, "किल्ली जरा धुवायची होती." ती प्रत्येकाला खिळ्यावरची नेमकी किल्ली काढून देत होती, हसून. फरशीवाल्यांचा कर्णा तोवर गल्लीगल्लीत फिरू लागला होता: "जी देवाला भीत नाही, ती तुम्हाला काय भिणार?" माझं डोकंच फिरलं. अरे, पंचवीस वर्षं तुमच्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत, कधी चमचा तरी हलला का? पण हे मी कर्ण्याला कसं सांगणार?

आणि मग लोकांच्या डोक्यात आलं की किल्ली परत नेऊन काय उपयोग? तिने दुसरी करून ठेवली असेल तर? कुलूपच बदललेलं बरं. झालं! हार्डवेअरच्या दुकानातली कुलपं चार दिवसांत संपली. पण नवं कुलूप दाराला बसवणार कोण? अख्ख्या वॉर्डात त्यासाठी माणूस एकच.

पहिला आला इस्त्रीवाला. हातात नवंकोरं कुलूप. "किल्लीबाई, हे तेवढं बसवून द्या. लोक म्हणतात की आपल्या जुन्या किल्ल्या त्या..." इथे त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाशी बोलतोय. त्याचा चेहरा त्याच्याच इस्त्रीसारखा तापला. "चला," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून त्याच्यापुढे चालू लागली. त्या पंधरवड्यात तिने अडतीस कुलपं बसवली. तिची भीती वाटते म्हणून बदललेली, तिच्याच हातांनी. आणि काम झालं की निम्मे लोक काय म्हणत? "ही जादा किल्ली राहू दे तुमच्याकडे, आमच्याकडे हरवते मेली!" भिंत पुन्हा भरू लागली. मी हसून हसून पोट धरलं. ती म्हणाली, "हसू नका, माणसं घाबरलीत."

कामावर असताना मत मागायचं नाही, हा तिचा नियम. पण कुलूप बसवायला अर्धा तास लागतो आणि दाराशी उभ्या माणसाला गप्प बसवत नाही. मग प्रश्न सुरू. "देव नाही तर चांगलं वागायचं कशाला?" "तुम्ही काय बक्षिसासाठी वागता का?" "मेल्यावर काय होतं मग?" "ते दार मी अजून उघडलेलं नाही. स्क्रू द्या तो." "उद्या आमचं प्रार्थनाघर बंद पाडाल!" "पाडीन कशाला? तिथली गळकी पन्हाळ बदलून घेईन. नवरा दर वेळी भिजून येतो."

सगळ्यांत अवघड प्रश्न हेडबाईंनी विचारला. हेडबाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात. प्रार्थनाघरात पहिला सूर त्यांचा. त्या म्हणाल्या, "फार रडू येतं तेव्हा हाक कुणाला मारतेस गं?" किल्लीबाई हातातलं काम थांबवून म्हणाली, "नवऱ्याला. तो बहुतेक वेळा पत्रं वाटायला गेलेला असतो, पण मारते." हे तिने मला घरी येऊन सांगितलं आणि पुढे दोन दिवस मी नको तिथे पत्रं टाकत होतो.

एवढ्यात फरशीवाल्यांनी वशिला लावून बाजारातला संडास उघडायचा हुकूमच आणला. फीत कापली, भाषण ठोकलं, आणि टाळं उघडायला बोलावलं कुणाला? हिलाच. भाजीवाल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. लोक म्हणाले, "काम झालं ना? आता माघार घ्या." ती म्हणाली, "टाळं ठोकणारे अजून तिथेच आहेत. आणि खरं सांगू? मला आता बघायचंय. मी आहे ती अशी. अशीला मत देतात का?" हे बोलताना तिचे डोळे चमकत होते. पंचवीस वर्षांत मी तिला इतक्या आशेने काही मागताना पाहिलं नव्हतं.

आणि मी काय केलं? माती खाल्ली.

झालं असं की एका दारात पत्र देताना तिथल्या बाईंनी विचारलं, "मनातून तरी मानत असतील ना हो त्या?" चेहरा इतका काकुळतीला आलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मनातून मानते हो. दाखवत नाही, एवढंच." बाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, अरे, इतकं सोपं होतं? मग पुढच्या दारात सांगितलं. मग त्याच्या पुढच्या. चार दिवसांत टपालाबरोबर हेही घरपोच केलं. वॉर्डाने सुटकेचा निःश्वास टाकला. "मनातून मानते" म्हणजे काम भागलं. हवा पुन्हा फिरली, माझा सत्काराचा शर्ट पुन्हा बाहेर आला.

पाचव्या दिवशी दुपारी मी घरी आलो आणि माझी किल्ली कुलपात फिरेना. काढली, पुसली, पुन्हा घातली. मग नीट पाहिलं. कुलूप नवं होतं. दार ठोठावलं.

आतून आवाज आला, "दार उघडल्यावर समोर काय दिसेल? तीन गोष्टी सांगा."

"अगं, मी आहे!"

"तीन गोष्टी, पोस्टमन."

ती मला पोस्टमन म्हणाली की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलंय. मी म्हटलं, "खुंटीवर माझी छत्री. खाली तुझी पिशवी. आणि... रागावलेली तू."

ती म्हणाली, "दोन जुळल्या. रागावलेली नाहीये मी." दार उघडलं. ती रडली होती. "हेडबाईंनी आज रस्त्यात थांबवून माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, मनातून का होईना, मानतेस, मला फार आनंद झाला गं. आता त्या मत देतील. पण कुणाला? त्या बाईला मी ओळखत नाही. तुम्हीच बनवलीत तिला."

मी म्हटलं, "तू जिंकावीस म्हणून केलं गं."

"मग तिलाच जिंकवा," ती म्हणाली. "मी घरी बसते."

मला माझी इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच हॉलमध्ये शेवटची सभा होती. फरशीवाले व्यासपीठावर होते, ही त्यांच्या शेजारी, हात मांडीवर. मी तिसऱ्या रांगेतून उठलो. म्हटलं, "मला बोलायचंय. मी किल्लीबाईंचा मिस्टर. मी तुम्हा सगळ्यांच्या दारात येऊन सांगितलं, ती मनातून देव मानते. ते खोटं होतं. मनातूनही मानत नाही, पोटातूनही मानत नाही, झोपेतसुद्धा मानत नाही, मी ऐकलंय. मी मानतो. रोज मानतो. आणि देव मानणारा मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि न मानणारी ती या हॉलमध्ये तीनशे माणसांसमोर खरं बोलली. आता कोण कुणाला भितं ते तुम्हीच बघा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खा हॉल हसला. फरशीवालेही हसले, मग आपण हसायला नको होतं हे त्यांच्या लक्षात आलं. ही व्यासपीठावरून माझ्याकडे बघत होती. घरी गेल्यावर तिने नव्या कुलपाची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

निकाल लागला. फरशीवाल्यांना तेराशे पंधरा मतं. हिला तेराशे सहा.

नऊ मतं! मी मतमोजणीच्या खोलीतच धाय मोकलून रडलो. माझ्या खोट्यावर निवडून आली असती, माझ्या खऱ्याने पडली. तिलाही वाईट वाटलं, वाटलं नाही असं कोण म्हणेल? पण ती माझ्या पाठीवर थोपटत सारखं एकच म्हणत होती, "अहो, तेराशे सहा! मला माहीत असून! मी तर आपली दोनच धरली होती, तुमचं नि माझं. तेराशे सहा!" आणि बघता बघता तिला हसू फुटलं, मला तिच्याकडे बघून फुटलं, आणि मोजणाऱ्या कारकुनांना समजेना की पडलंय कोण.

दुसऱ्या दिवशी मी पत्रं वाटायला निघालो. पहिल्याच दारात इस्त्रीवाला कानाशी लागला, "कुणाला बोलू नका, आमच्या घरची चारही मतं तुमच्याकडे होती." दुसऱ्या दारात, "आम्ही दिलं हो, लोकांनी दगा दिला." तिसऱ्या दारात बाईंनी डोळ्याला पदर लावला, "माझं तर तिलाच!" मी मोजत गेलो. आमच्या केंद्रावर तिला पडली होती एकशे बारा मतं. अकरा वाजेपर्यंत माझ्याकडे एकशे अठ्ठेचाळीस जमली होती आणि अर्धी गल्ली बाकी होती. या वेगाने संध्याकाळपर्यंत तिने फरशीवाल्यांचं डिपॉझिट जप्त केलं असतं.

शेवटचं घर हेडबाईंचं. त्यांनी पत्र घेतलं, चष्मा लावला, काढला आणि म्हणाल्या, "मी तिला मत दिलं नाही. देव न मानणारीच्या नावावर हात जाईना. शिक्का हातात घेऊन किती वेळ उभी होते, पण नाही गेला. तिला सांग. दुसरीकडून कळायला नको."

मी थेट दुकानावर गेलो आणि तिला सगळी गल्ली ऐकवली. एकशे अठ्ठेचाळीसवर ती स्टुलावरून पडता पडता राहिली. हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मी हेडबाईंचं सांगितलं. ती हसायची थांबली.

"असं म्हणाल्या? तोंडावर?"

"तोंडावर."

तिने कानशी खाली ठेवली, हात पुसले आणि भर दुपारी दुकान ओढून घेतलं. हे तिने वडील गेले त्या दिवसानंतर कधी केलेलं नाही.

"अगं, कुठे निघालीस?"

"हेडबाईंकडे. अख्ख्या वॉर्डात एवढं एकच मत मला नक्की ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात करते. पाच वर्षं आहेत."

"अगं, त्या ब्याऐंशीच्या आहेत!"

"मग तर घाईच करायला हवी," ती म्हणाली, आणि पळालीच.